ड्रोनचा वारा आणि तुमची फवारणी

प्रश्न (यवतमाळ) : कपाशीवर भाड्याच्या ड्रोनने फवारणी केली. शेंडे भिजले, पण खालच्या पानांवरचे तुडतुडे तसेच आहेत. शिवाय पातेगळही (कोवळ्या कळ्या गळणे) दिसते. औषध बदलू का?

उत्तर : औषध बदलण्याआधी ड्रोन किती उंचीवरून आणि किती वेगाने गेला ते आठवा. १० लिटरचा ड्रोन टाकी भरल्यावर साधारण २५ किलो भरतो. एवढे वजन हवेत धरून ठेवायला पंख्यांना तेवढ्याच जोराने हवा खाली रेटावी लागते. पंख्यालगत हा झोत सेकंदाला सुमारे ८ मीटरचा, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरचा असतो. तोच थेंबांना झाडात घुसवतो, पाने उलटीपालटी करतो आणि पानामागे दडलेल्या किडीपर्यंत औषध पोचवतो. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी आपण मारतो, इथे दहाच लिटरमध्ये भागवायचे असते. पाणी कमी, म्हणून सगळी भिस्त वाऱ्यावर.

ड्रोन जोरात पळाला की हा झोत सरळ खाली न येता मागे कलतो आणि झाडाच्या वरूनच निघून जातो. तुमच्याकडे बहुधा हेच झाले. भाडे एकरावर ठरते, त्यामुळे चालवणाऱ्याला घाई असते. त्याला दोष देण्यापेक्षा आधीच बोलून घ्या. शेंड्यापासून दोन-अडीच मीटर उंची आणि सेकंदाला ३ ते ४ मीटर वेग, यापलीकडे जाऊ देऊ नका. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टाकी रिती होत आली की ड्रोन १५ किलोवर येतो आणि झोत जवळजवळ पाव हिश्श्याने मंदावतो. त्यामुळे पहिला पट्टा आणि शेवटचा पट्टा सारखा भिजत नाही. खात्री करायची तर पाणी लागताच निळे पडणारे पिवळे कागद झाडाच्या शेंड्याला, मध्ये आणि बुडाशी टाचणीने लावा, साध्या पाण्याची एक फेरी मारायला सांगा आणि ठिपके बघा.

पातेगळीचे खापर लगेच वाऱ्यावर फोडू नका. ढगाळ हवामान, पाण्याचा ताण, साचलेले पाणी यांनीही पाते गळते. मात्र भरल्या टाकीने ड्रोन पिकाला टेकल्यासारखा एका जागी थांबला, तर फांद्या झोडपल्या जातात. उड्डाण, उतरणे आणि वळणे बांधावर किंवा पडीक तुकड्यावर करायला लावा. चालवणारा आणि तुम्ही, दोघेही वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. २०१७ सालच्या फवारणीतील विषबाधा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही.

प्रश्न (तासगाव) : उसात २,४-डी हे तणनाशक ड्रोनने मारायचे आहे. बांधाला लागून शेजाऱ्याची द्राक्षबाग आहे. चालेल का?

उत्तर : नाही. द्राक्ष आणि कपाशी या तणनाशकाला फार हळव्या आहेत, उडालेल्या अंशानेही पाने वेडीवाकडी होतात. केसाएवढ्या जाडीचा, १०० मायक्रॉनचा थेंब तीन मीटरवरून स्वतःच्या वजनाने खाली यायला दहा-अकरा सेकंद घेतो. ताशी १० किलोमीटरचा वारा तेवढ्यात त्याला तीस मीटर लांब नेतो. पंख्यांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात, ते बारीक थेंब वर उचलतात ते वेगळेच. पहाटेची निवांत हवाही फसवी असते. जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही आणि थेंबांचे धुके आडवे तरंगत बागेत शिरते. शेकोटीचा धूर आडवा पसरताना दिसला तर काहीच फवारू नका. बांधालगतच्या ओळी खुरपून घ्या.

प्रश्न (तासगाव) : ड्रोनखाली आर्द्रतेचा सेन्सर बांधला. द्राक्षबागेतल्या मांडवाखालच्या यंत्रापेक्षा आकडा नेहमी कमी येतो. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर बरोबर असेल, जागा चुकली आहे. पंखे वरची कोरडी हवा ओढून खाली फेकतात आणि सेन्सर तीच मोजतो. मांडवाखालची दमट हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सेन्सर पंख्यांच्या वर उभ्या काठीवर किंवा पुढे लांब दांडीवर बसवला तर आकडा सुधारेल, पण तो मांडवावरच्या हवेचा असेल. केवड्याचा (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा) अंदाज घ्यायचा तर पान किती तास ओले राहिले ते कळायला हवे, आणि ते मांडवाच्या तारेला बांधलेला सेन्सरच सांगेल. पानांचे तापमान टिपणारा कॅमेरा वापरत असाल तर उंचावरून वापरा. खाली आलात की तुमच्याच वाऱ्याने पानाचे तापमान बदललेले असते.