ऊसतोडीला निघताना दवाखान्याचं कार्ड पण बांधून घ्या

प्रश्न : माझी वहिनी सहाव्या महिन्यात आहे, दिवाळी झाली की भाऊ-वहिनी टोळीसोबत सांगलीकडं जाणार, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय त्यामुळं मुकादम थांबू देत नाही. दीड वर्षाची भाची पण सोबत. तिथं सरकारी दवाखान्यात आपलं नाव नसतं, मग बघतील का? (एक कॉलेज विद्यार्थिनी, ता. पाटोदा)

उत्तर : ताई, बघावंच लागतं. गरोदरपणाची तपासणी, बाळंतपण, लसीकरण यासाठी गावचं नाव लागत नाही, देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात ते फुकट आहे, सिझेरियन झालं तरी पैसे नाहीत. पण तिथल्या आशाताईला ही बाई आपल्या हद्दीत आलीय हेच माहीत नसतं, कारण तिची यादी गावातल्या घरांची असते आणि कोप्या (तोडकऱ्यांच्या झोपड्या) असतात गावाबाहेर माळावर. म्हणून उतरल्या उतरल्या पहिल्या दोन दिवसांत भावानं ज्याच्या फडात (उसाच्या शेतात) ऊस तोडताय त्या शेतकऱ्याकडून आशाताईचा नंबर घ्यायचा आणि स्वतः फोन करायचा, कोणी येईल याची वाट बघायची नाही.

निघायच्या आधी गावच्या नर्सबाईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्या, रक्ताचा रिपोर्ट, सोनोग्राफी, भाचीचं लसीचं कार्ड सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पण ठेवा, कारण कोपीत पाणी शिरलं की कागद जातात. लोहाच्या गोळ्या जास्तीच्या मागून घ्या. भाचीचे १६ ते २४ महिन्यांचे बूस्टर डोस नेमके हंगामातच येतात, ते तिथंच द्यायचे. आणि वहिनीला नीट सांगा, डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा बाळ हलायचं कमी झालं तर मोळी तिथंच टाकायची आणि १०२ ला फोन करायचा, १०२ लागला नाही तर १०८. खाडा पडला म्हणून मुकादम पैसे कापेल ही भीती खरी आहे, मला माहितीय, पण हे दुखणं उद्यावर ढकलायचं नाही.

प्रश्न : वय २९, दोन मुलं. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. डॉक्टर म्हणले गर्भाची पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. काढू का? (एक वाचक, ता. धारूर)

उत्तर : नाही, एवढ्यावर तर अजिबात नाही. पांढरं जाणं बहुतेक वेळा इन्फेक्शनचं असतं, गोळ्यांनी बरं होतं, नवऱ्याला पण औषध द्यावं लागू शकतं. फडात ना संडास ना पाणी, पाळीचा कपडा दिवसभर बदलता येत नाही, मग ते परत परत होणारच, त्यात तुमच्या पिशवीचा काय दोष? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच सुमारास खासगी दवाखान्याला अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. ऑपरेशनमध्ये अंडाशय पण काढली तर तिशीतच पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात आणि मोळी तर तरीही उचलायचीच असते. आधी जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करायला सांगा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या-उपचार मोफत आहेत. ऑपरेशनसाठी नवीन उचल घेऊ नका प्लीज.

प्रश्न : आमच्या शेतात दरवर्षी टोळी येते, बायका-पोरं आजारी दिसतात, पण दवाखान्यात जा म्हणलं तर जात नाहीत. काय करू? (एक ऊस उत्पादक, ता. वाळवा)

उत्तर : दादा, त्या जातील कशा? पहाटे अंधारात फडात उतरतात, ओपीडी सकाळची, आणि संध्याकाळी गाडी भरेपर्यंत सुट्टी नाही. तुम्ही गावचे आहात, दवाखान्यातले तुमचं ऐकतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला भेटा आणि नर्सबाईंची फेरी संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर लावून घ्या, दिवसा लावलीत तर तिथं फक्त म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात टोळ्यांची यादी असते, कुठली टोळी कुठं उतरलीय ती, तेवढी आरोग्य केंद्राला द्यायला लावा. आणि तुमच्या बोअरचं पाणी त्यांना भरू द्या, जमलं तर फडाच्या बांधावर चार पत्रे लावून एक आडोसा करा.