फिनलंडचा प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) ऐकायचा तर सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी?

बहुतेक जण तुम्हाला विगवाम या बँडचं नाव सांगतील, आणि ते चूक नाही. पण मी त्यांच्याच बेस वादकाचा, पेक्का पोह्योलाचा, ‘हराक्का बिआलोइपोक्कू’ (१९७४) सुचवेन. पहिलं कारण अगदी व्यवहारी: यात शब्दच नाहीत, त्यामुळे फिनिश येत नाही म्हणून काही अडत नाही.

हराक्का म्हणजे मॅगपाय. कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी. आपल्याकडच्या टकाचोराचा लांबचा भाऊबंद. बिआलोइपोक्कू हे त्याचं नाव. तुकड्यांची नावं ओळीने वाचली तरी गोष्ट कळते: सुरुवात, पहिली सकाळ, खराब हवा, मग तो नाचतो, स्वप्न बघतो, जागेपणीही स्वप्न चालूच राहतं, गोंधळ निवळतो आणि आयुष्य पुढे सरकतं. बस, एवढंच. त्या काळातले अनेक प्रोग्रेसिव्ह रॉक बँड विश्वाची उत्पत्ती आणि राजेरजवाड्यांच्या कथा घेऊन बसले होते. इथे एका पाखराची चाललेली लुडबुड आहे. मला यातली थट्टा फार आवडते. सॅक्सोफोन मध्येच असे तिरके घुसतात की पक्षी खरोखर टुणटुण उड्या मारतोय असं वाटतं.

पोह्योला हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत व्हायोलिन शिकलेला. ते शिक्षण इथे कानाला जाणवतं: एक सुरावट धरायची, ती वाद्यावाद्यांतून फिरवायची, वळवायची, पण गिटारची कसरत करत बसायचं नाही. गिटार आहे, ती स्वीडनच्या कोस्टे आपेत्रेआची, पण ती मालकी गाजवत नाही. सॅक्सोफोनवर एरो कोइविस्तोइनेनसारखे फिनलंडचे जाझवाले आहेत.

हा अल्बम काढला हेलसिंकीच्या लव्ह रेकॉर्ड्सने. ही कंपनी १९६६ साली सुरू झाली आणि १९७९ मध्ये दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात फिनलंडच्या नव्या संगीताचा मोठा भाग तिनेच सांभाळला. पुढे १९७५ मध्ये व्हर्जिन या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने हाच अल्बम ‘बी द मॅगपाय’ (बी म्हणजे बिआलोइपोक्कूचं आद्याक्षर) या नावाने इंग्लंडमध्ये आणला. फिनलंडचा रॉक तेव्हा देशाबाहेर फारसा पोचत नसे, हे लक्षात घेतलं तर याचं मोल कळतं. दोन वर्षांनी इंग्लंडचा नावाजलेला संगीतकार माइक ओल्डफील्ड पोह्योलाच्या पुढच्या अल्बमवर वाजवायला आला.

माझी ओळख मात्र उलट्या दिशेने झाली. जुन्या रेकॉर्डांचे तुकडे जोडून नवं संगीत करणाऱ्या अमेरिकन डीजे शॅडोचं १९९६ चं ‘मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड’ मी कित्येक वर्षं ऐकत होतो. एका रात्री हा अल्बम लावला, ‘सेकोइलू सेएस्त्यू’ (तोच गोंधळ निवळण्याचा तुकडा) सुरू झाला आणि मी उठूनच बसलो: अरे, ही सुरावट तर माझ्या ओळखीची! शॅडोने ती इथूनच उचलली होती.

हा पचला की मग विगवामचा ‘बीइंग’ घ्या. तोही १९७४ चाच. त्यात कामगार, छोटा बूर्ज्वा (म्हणजे कनिष्ठ मध्यमवर्गीय), शिक्षक अशी एकेक सामाजिक पात्रं गाण्यांतून येतात. पहिल्या ऐकण्यात डोकं भणभणेल. आठवडाभराने परत लावा.