गच्चीवरची झाडं आणि नागपूरचा मे

प्रश्न : ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो, गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत. दोन्ही टाइम पाणी घालते, कूलरचं उरलेलं पाणीही वाया न घालवता कुंड्यांनाच देते, तरी जास्वंदाची पानं कडेनं करपून राहिली आणि तुळस तर गेल्यातच जमा. काय चुकतंय?

उत्तर : अगं, आधी ते कूलरचं पाणी बंद कर! कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, खस काढून बघ, पांढरा थर दिसेल, तेच क्षार तू रोज मुळांना पाजतेस, मग पानांच्या कडा जळणारच. आता एकदा साधं पाणी भरपूर घाल, खालच्या भोकातून वाहून जाऊ दे, म्हणजे माती धुतली जाईल.

दुसरं म्हणजे आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्लॅब तव्यासारखा तापतो, कुंड्या विटांवर ठेव आणि एकमेकींना चिकटून ठेव. सावलीसाठी हिरवी नेट ५० टक्केवाली, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी घे, मोगऱ्याला मात्र उन्हातच राहू दे, त्याचा तर सीझनच आहे.

पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं मलूल दिसली की आपला जीव कासावीस होतो, पण बोट मातीत खुपसून बघ, खाली ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. वर वाळका पाला पसर. खत आता नको, पाऊस पडला की बघू. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत फांद्यांची कटिंगही नको हं.