‘तुझ्यापेक्षा’ म्हणजे नेमकं कोणापेक्षा?

वाचकांच्या इंग्रजी व्याकरणविषयक शंकांना एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, मी बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांची तयारी करतोय. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई’ हे वाक्य सराव परीक्षेत मी दोनदा ‘नो एरर’ म्हणून सोडलं आणि दोन्ही वेळा गुण गेला. कितीही वेळा वाचलं तरी कानाला काही खटकत नाही. काय करू?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : तुमच्या कानाचा दोष नाही. तो मराठी कान आहे आणि मराठीत या वाक्यात खटकण्यासारखं काही नाहीच. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणारा ‘मुंबईच्या हवेपेक्षा’ असं मनातल्या मनात पुरं करून घेतो. इंग्रजीचा पेपर काढणारा मात्र हे पुरं करून घ्यायला तयार नसतो. ‘दॅन’च्या अलीकडे हवा असेल तर पलीकडेही हवाच हवी, शहर चालत नाही. म्हणून ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’.

ही चूक आपल्याकडून का होते, याचा मी बरीच वर्षं विचार केला आहे. ‘मी तुझ्यापेक्षा उंच आहे’ आणि ‘माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात तुलना तुझ्याशी आहे, दुसऱ्यात तुझ्या अक्षराशी. शब्द मात्र दोन्हीकडे एकच, ‘तुझ्यापेक्षा’. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे शब्द होतात, ‘दॅन यू’ आणि ‘दॅन युअर्स’. आपल्या भाषेने हा फरक कधी मागितलाच नाही, म्हणून ‘माय हँडरायटिंग इज बेटर दॅन यू’ हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत मला भेटायचं. हुशार मुलांच्या वहीतसुद्धा.

उपाय मराठीतूनच निघतो. तुलनेचं वाक्य आलं की ते मनात मराठीत आणा, पण आखडतं नको, लांबलचक आणा : ‘पुण्याची हवा मुंबईच्या हवेपेक्षा चांगली’. ‘हवा’ दुसऱ्यांदा उच्चारावी लागली ना? ज्या जागी ती दुसऱ्यांदा आली, त्या जागी इंग्रजीत ‘दॅट’ बसतो. नाम अनेकवचनी असेल तर ‘दोज’ : ‘द स्ट्रीट्स ऑफ नागपूर आर वायडर दॅन दोज ऑफ पुणे’. पर्यायांत ‘दॅट’ आणि ‘दोज’ दोन्ही दिलेले असतात तेव्हा घाई करू नका. ‘दॅन’च्या अलीकडचं नाम बोटाने शोधा आणि त्याचं वचन बघा. मधे आलेल्या दुसऱ्या नामाचं नव्हे.

याच घरातली आणखी एक चूक. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य तरीही चूक धरतात, कारण कळसूबाई स्वतःच महाराष्ट्रातलं शिखर आहे आणि ती स्वतःपेक्षा उंच असू शकत नाही. ‘एनी अदर पीक’ हवं. आता महाराष्ट्राच्या जागी गोवा घाला. कळसूबाई गोव्यात नाही, म्हणून तिथे ‘अदर’ घालणंच चूक ठरेल. एवढ्या एका शब्दासाठी भूगोल लक्षात घ्यावा लागतो, आणि मला हा प्रश्न त्यासाठीच आवडतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. ‘रवी टोल्ड सतीश दॅट ही हॅड पास्ड’ या वाक्यात चूक काय, हे मला त्याला सांगता आलं नाही. वाक्य तर बरोबर दिसतं.
– एक आई, चिपळूण

उत्तर : वाक्याची रचना बरोबर आहे, अर्थ मात्र दोन निघतात. पास झाला कोण, रवी की सतीश? ‘ही’ या शब्दावर बोट ठेवायला लावा आणि मुलाला त्याच्या जागी आधी एक नाव, मग दुसरं नाव घालून वाक्य वाचायला सांगा. दोन्ही वाचनं पटली तर वाक्य संदिग्ध. एकच पटलं तर सोडून द्या.

मराठीत ‘तो पास झाला, असं रवीने सतीशला सांगितलं’ म्हटलं तर थोडा गोंधळ होतोच. पण आपल्याजवळ एक फार सोयीचा शब्द आहे, ‘आपण’. ‘आपण पास झालो, असं रवीने सतीशला सांगितलं’ म्हटलं की पास झालेला रवीच. ‘रवीने सतीशला आपली सायकल दिली’ यातही सायकल कोणाची हे विचारावं लागत नाही. इंग्रजीतल्या ‘ही’ आणि ‘हिज’ला हे जमत नाही. तिथे सरळ बोलणं अवतरणात टाकावं : रवी सेड टू सतीश, ‘आय हॅव पास्ड’. नाहीतर नाव पुन्हा लिहावं. नाव पुन्हा लिहिल्याने वाक्य जरा जड होतं, होऊ दे.

निर्जीव वस्तूंच्या ‘इट’लाही हेच लागू. मडकं काचेच्या टेबलावर पडलं आणि ‘इट ब्रोक’. मडकं फुटलं की टेबल?

प्रश्न : मुलीच्या क्लासच्या उत्तरसूचीत लिहिलं आहे की ‘सीता’ज’ असं षष्ठीतलं नाम आलं तर पुढचा ‘हर’ तिच्यासाठी वापरणं चूक. असा नियम खरंच आहे का? की उत्तरसूचीच चुकली?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या नियमावरून अमेरिकेत एकदा मोठा वाद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांच्या पीसॅट परीक्षेत टोनी मॉरिसन या अमेरिकी लेखिकेबद्दल एक वाक्य आलं होतं : ‘टोनी मॉरिसन’ज जीनियस एनेबल्स हर टु क्रिएट नॉव्हेल्स...’ चूक शोधा, नसेल तर ‘नो एरर’. सूचीप्रमाणे उत्तर ‘नो एरर’ होतं. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली : ‘टोनी मॉरिसन’ज’ हे विशेषणासारखं आलं आहे, मग ‘हर’ कोणासाठी? परीक्षा घेणाऱ्यांनी आधी ती मानली नाही. तो शिक्षक हटला नाही. अखेर २००३ मध्ये तो प्रश्न रद्द झाला आणि जवळजवळ पाच लाख मुलांचे गुण वाढले.

माझं मत विचाराल तर नियम फार ताणलेला आहे. ‘आईच्या कष्टांमुळे तिला घर बांधता आलं’ या वाक्यात ‘तिला’ म्हणजे कोणाला, असं कोणी विचारत नाही. इंग्रजी वाचणारालाही तिथे शंका येत नाही, आणि जिथे शंका नाही तिथे संदिग्धता नाही. तरीही काही पेपर काढणारे हा नियम पाळतात, म्हणून मुलीला तो माहीत असावा. बाकीचं सगळं निर्दोष असेल आणि पर्यायांत ‘हर’च्या जागी नाव दिलं असेल, तरच तो वापरावा.

तरीही मी त्या शिक्षकाच्या बाजूने आहे, त्याला एक कारण आहे. एका सहामाहीला मी आठवीच्या पेपरात लिहिलं होतं : ‘व्हेन सुमन मेट हर मदर, शी वॉज क्रायिंग.’ प्रश्न : कोण रडत होतं? माझ्या डोळ्यांसमोर सुमन होती, म्हणून ‘सुमन’ला गुण दिला. एका मुलीने ‘आई’ लिहिलं होतं, ते मी खोडलं. शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दारात पेपर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, आई का नाही?’ मला उत्तर देता आलं नाही. तिचा गुण तिला दिला, मग गठ्ठा पुन्हा उघडून ज्यांनी ज्यांनी ‘आई’ लिहिलं होतं त्या सगळ्यांना दिला.

तेव्हा तुमच्या मुलीने सरांकडे जरूर जावं. ‘सूची चुकली’ असं न म्हणता वाक्य समोर ठेवावं आणि विचारावं, ‘सर, इथे दुसरा अर्थ कोणता निघतो?’ पुढे लोकसेवा आयोगासारख्या परीक्षा दिल्या तर तिथे पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकत घ्यायला मुदत असते. ती मुदत पाळावी, आणि हरकतीत आपलं कारण दोन-तीन ओळींत, दोन्ही वाचनं लिहून दाखवून मांडावं.