९ वर्षांच्या मुलाला टिक्स आहेत, व्हिडिओत बघितलं तसं मेंदूत करंट देऊन बरं होतं का?

दादा, मी डॉक्टर नाही, पण टिक्स, म्हणजे आपोआप होणारं डोळे मिचकावणं नि मान झटकणं, सात वर्षांचा होतो तेव्हापासून मी स्वतः काढलंय म्हणून लिहितोय.

तुम्ही व्हिडिओत बघितलं ते डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. डोक्याला भोकं पाडून मेंदूत खोल तार सोडतात नि छातीत कातडीखाली बॅटरी बसवतात. १९८७ ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद नावाच्या सर्जननं हाताच्या कंपावर सुरू केलं, आता पार्किन्सनला वापरतात. टिक्ससाठी केल्याचं पहिल्यांदा १९९९ ला छापून आलं, पण ते औषधं थेरपी सगळं करून थकलेल्या, टिक्समुळं स्वतःला इजा करून घेणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. नऊ वर्षांच्या पोराला कशाला, टिक्स साधारण १० ते १२ व्या वर्षी सगळ्यात जास्त असतात नि पुढं बऱ्याच पोरांच्या आपोआप उतरतात.

ही सवय नाही एवढं घरात सगळ्यांना सांगा. टिक यायच्या आधी आत काहीतरी साचत जातं, शिंक येण्याआधी नाकात होतं ना तसं, नि मान झटकली की दोन क्षण सुटल्यासारखं वाटतं. दाबता येतं पण थोडा वेळच. मी शाळेत दाबून धरायचो नि घरी आलो की सगळं एकदम बाहेर, आई म्हणायची शाळेत तर नीट असतो, मुद्दाम करतोय. पोरं तर "डोळे काय मिचकावालास बे" म्हणूनच हाक मारायची. दृष्ट काढून झाली, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नवस पण बोलून झाला (तो फेडायचा राहिलाय अजून).

मला फरक पडला तो वर्तन-थेरपीनं, त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचो. मान झटकावीशी वाटली की हनुवटी हळूच आत घ्यायची, खांदे खाली सोडायचे, ती ओढ ओसरेपर्यंत तसंच थांबायचं. ऐकायला फालतू वाटतं, पण २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवर ट्रायल झाली त्यात ही थेरपी मिळालेल्या निम्म्याहून जास्त पोरांना १० आठवड्यांत चांगला फरक पडला होता.

करंटच बघायचा असेल तर नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीवाल्यांचं काम बघा. ते डोक्याला हात लावत नाहीत, मनगटावर पट्टा बांधून तिथल्या नसेला सेकंदाला १० च्या आसपास हलके झटके ठरावीक तालात देतात, म्हणजे मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग त्या तालाला लागतो असा त्यांचा अंदाज. माझे वडील पॉवरलूमवर होते, त्या खटखटीत बसलो की मान शांत राहायची, त्यामुळं मला हे वाचून जरा गंमतच वाटली, अर्थात दोन्हीचा संबंध असेलच असं नाही. १२१ जणांवर ट्रायल झाली, पट्टा चालू असताना टिक्स सरासरी पाव हिश्श्याहून जास्त कमी झाल्या. पाव हिस्सा हां, बरं झालं नाही.

तर आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा, क्लासटीचरला सांगून ठेवा. मी आता ३४ चा आहे, मिचकावणं कधीच गेलं, मान फक्त मार्च एन्डिंगला झटकते.