ब्लॉकचेनचा अभ्यासक्रम आणि बंदरावरची कागदपत्रे

प्रश्न : माझा क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचा व्यवसाय न्हावा शेवा बंदरावर चालतो. संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असलेला मुलगा नोकरीऐवजी ब्लॉकचेनचा महागडा खासगी अभ्यासक्रम करू म्हणतो. त्याला होकार द्यावा का?

उत्तर : विषयाची निवड चांगली आहे, मार्गाचा मात्र फेरविचार व्हावा. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, कोणा एकाला गुपचूप बदलता न येणारी नोंदवही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडलेली बिटकॉइनची कल्पना चलनापुरती होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनने कराराच्या अटी प्रोग्रॅममध्ये लिहून त्या आपोआप अमलात आणण्याची सोय केली आणि त्यानंतर हायपरलेजर फॅब्रिकसारख्या प्रणालींमुळे परस्परांची ओळख पटलेल्या कंपन्यांना एक सामायिक नोंदवही ठेवता येऊ लागली.

या नोंदवहीचा एक मोठा प्रयोग आपल्याच क्षेत्रात झाला. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये आणलेल्या ट्रेडलेन्स या व्यवस्थेवर जहाज कंपन्या, बंदरे आणि सीमाशुल्क खाती कंटेनरची माहिती व कागदपत्रे एकत्र पाहू शकत होती. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही, असे कारण कंपन्यांनीच दिले. एका स्पर्धकाने उभारलेल्या व्यवस्थेत आपली माहिती ठेवायला इतर जहाज कंपन्या सुरुवातीपासूनच कचरत होत्या. याउलट भारतात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांमुळे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांना दूरसंचार कंपन्यांच्या अशाच सामायिक नोंदवहीत नोंदणी करावी लागते, आणि ती व्यवस्था टिकली, कारण सहभाग ऐच्छिक नव्हता.

म्हणूनच नुसता कोड लिहिणाऱ्यापेक्षा, कोणत्या व्यवहारात कोणाचा कोणावर विश्वास नाही आणि एकच नोंद सर्वांना का हवी आहे, हे ओळखणारा अभियंता मला अधिक मोलाचा वाटतो. ही जाण महागड्या वर्गापेक्षा आपल्या कार्यालयात लवकर येईल. बिल ऑफ लेडिंगपासून (जहाज कंपनीने दिलेली माल स्वीकारल्याची पावती) डिलिव्हरी ऑर्डरपर्यंत (माल ताब्यात देण्याचा आदेश) एका कंटेनरचे कागद कोणाकडून कोणाकडे जातात आणि कुठे अडतात, हे त्याला सुट्टीत बसून पाहू द्या. त्यातूनच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडता येईल. डेटाबेस, नेटवर्क आणि क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र) हे विषय त्याने पक्के करावेत. हायपरलेजर फॅब्रिक आणि इथेरियमवरचे करार लिहिण्याची सॉलिडिटी ही भाषा यांची अधिकृत मार्गदर्शिका इंटरनेटवर विनामूल्य मिळते, त्यामुळे आताच मोठी फी भरण्याची गरज मला दिसत नाही.

कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची चांगली नोकरी मिळाली, तर ती त्याने जरूर स्वीकारावी, मग तिच्या नावात ब्लॉकचेन असो वा नसो. दोन वर्षांनंतरही ओढ कायम राहिली, तर तेव्हा विशेष अभ्यासक्रमाचा खर्च तो स्वतःच्या पगारातून करू शकेल.