औषध विचारण्याआधी बुरशी कुठे बसली आहे ते पाहा

शेतकरी बंधू-भगिनींनो, गोराई, मनोरी आणि आरेच्या पाड्यांतून या पावसात आलेले बहुतेक प्रश्न 'कोणतं औषध मारू?' इथेच येऊन थांबतात. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पानं दिवस दिवस ओली राहतात, त्यामुळे बुरशी येणारच. पण माडाच्या शेंड्यातली, केळीच्या मातीतली आणि आंब्याच्या वाळक्या काटकीतली बुरशी एक नाही. त्यांना एकच औषध चालत नाही आणि एकीला तर औषधच नाही.

प्रश्न, गोराईहून: माडाचा मधला कोंब पिवळा पडून कलला आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोनदा फवारलं, काही फरक नाही. झाड वाचेल का?

ताई, माडावर चढणाऱ्याला कोंब हलकेच ओढून पाहायला सांगा. तो सहज हातात आला आणि बुडाशी कुजका, घाण वास असेल, तर हा कोंब कुजण्याचा रोग आहे. पानं कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसत असतील आणि भोकातून चावलेला चोथा बाहेर येत असेल, तर तो गेंडा भुंगा. कधी कधी दोन्ही एकाच झाडावर असतात, कारण भुंग्याने केलेल्या जखमेतून कूज आत शिरते.

कार्बेन्डाझिमने फरक का पडला नाही, तेही समजून घ्या. हा रोग फायटोफ्थोरामुळे होतो. आपण तिला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशोबाने ती खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाला जवळची आहे. तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात, म्हणून शेंड्यात साचलेलं पावसाचं पाणी तिला पुरतं. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीवर चालतं, हिच्यावर नाही. दुकानात 'बुरशीनाशक द्या' एवढंच सांगितलं की पुष्कळदा तेच हातात पडतं आणि मोलाचे दिवस वाया जातात.

हिच्यावर तांबं चालतं. पाऊस उघडला की कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी, पांढरा गाभा लागेपर्यंत काढा. काढलेला सगळा भाग खाली आणून नष्ट करा, शेंड्यात ठेवू नका. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, यातच तांबं असतं), 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. नवा कोंब फुटेपर्यंत पाणी जाणार नाही असं झाकून ठेवा. गाभ्याचा वाढीचा डोळाच कुजला असेल, तर माड वाचत नाही. तो तोडा, नाहीतर शेजारच्या माडांना धोका राहतो. बुंधा ओला असताना मात्र कुणालाही वर चढवू नका. झाड पुन्हा लावता येतं.

आजूबाजूच्या सगळ्या माडांच्या शेंड्यांत एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा आणि पुढच्या वर्षी हीच फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करा. दहा लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना लागतो. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. घासलेला लोखंडी विळा मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याची निवळी थोडी थोडी घालत परत तपासा. ही तपासणी टाळली तर कोवळी पानं भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरा. विहिरीवर झाकण टाका आणि पंप तळ्यात धुऊ नका, तांबं माशांना मारतं. 1885 मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतीशास्त्रज्ञाने हे मिश्रण द्राक्षांसाठी मांडलं. इतक्या वर्षांनंतरही कोकणातल्या बागायतदाराला मी पहिलं नाव हेच सांगतो.

प्रश्न, मनोरीहून: वेलची केळीची खालची पानं कडेने पिवळी होऊन देठात मोडतात आणि खोडाभोवती लोंबतात. खोडही उभं चिरलं आहे. पुढच्या लागणीला याच बागेतले कंद वापरू का?

नाही दादा, एकही कंद वापरू नका आणि कुणाला देऊही नका. खोड आडवं कापून पाहा. आत तपकिरी-लालसर वलयं दिसली तर हा पनामा मर रोग आहे. फ्युजॅरियम ही बुरशी मातीतून मुळात शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. यावर फवारणी नाही. कुणी आळवणीचं, म्हणजे मुळाशी ओतायचं औषध खात्रीने विकत असेल तर पैसे देऊ नका. गेल्या शतकात याच रोगाने ग्रो मिशेल ही जगभर निर्यात होणारी केळी बाजारातून घालवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता टीआर 4 नावाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात पोहोचला आहे. म्हणून गावाहून गाडीतून कंद आणायची हौस आवरा, ही माझी कळकळीची विनंती.

रोगट झाड बागेतून ओढत नेऊ नका. जागच्या जागी कंदासकट खणून नष्ट करा, खड्ड्यात एक-दोन किलो चुना टाका. त्या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात जाऊ देऊ नका, कोयता-कुदळ आणि चपला धुऊनच पुढच्या झाडाकडे जा. ही बुरशी मातीत कित्येक दशकं तग धरते, म्हणून त्या तुकड्यात वेलची परत नको. दुसरीकडे लावायची तर खात्रीच्या रोपवाटिकेतली ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं घ्या.

आरेच्या पाड्यावरून विचारलं आहे की या उन्हाळ्यात आंबा झाडावर स्वच्छ होता, अढीत घातल्यावर काळा का पडला. हा करपा. बुरशी फळ हिरवं असतानाच सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकू लागलं की जागी होते, म्हणून अढीला दोष देऊ नका. तिचं घर वाळक्या काटक्यांत असतं. पाऊस संपल्यावर त्या छाटून जाळा, कापांना बोर्डो पेस्ट लावा. कार्बेन्डाझिमची खरी जागा इथे आहे: मोहोराच्या वेळी दहा लिटरला 10 ग्रॅम. घरच्या फळांसाठी, काढल्यावर 52 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, सुकवून मग अढी लावा. तापमापक वापरा, जास्त गरम पाण्याने साल भाजते.

ज्यांच्या पपईचा बुंधा जमिनीलगत कुजतोय, त्यांनी आधी चर खणावा. बुंध्याशी पाणी थांबत असेल तोवर कोणतंही औषध टिकणार नाही.

नमुना आणायचा तर अर्धा रोगट, अर्धा निरोगी असा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत तो वाटेतच सडतो. केळीचा नमुना मात्र आणू नका, कापलेल्या खोडाचा स्पष्ट फोटो पाठवा.